बंदुकीचे आकडे आणि खेळणाऱ्याचे आकडे

मोबाइलवरच्या ‘जगा-वाचा’ खेळांमधले सुटे भाग, डॅमेज, रीकॉइल यांचा अर्थ काय आणि त्या तक्त्यात कोणता आकडा लिहिलेलाच नसतो?

चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर. बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही एसटी स्टँडवर संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर बाकावर चार-पाच मुलांचे कोंडाळे दिसते. प्रत्येकाच्या हातात आडवा धरलेला मोबाइल, दोन्ही अंगठे काचेवर. ‘‘अबे, एम-फोरला कॉम्पेन्सेटर लाव ना, गन वर उसळून राह्यली.’’ ‘‘माह्याजवळ ग्रिप नाही बे, थ्री-एक्स घेतो का कोणी?’’ शेजारी गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाला यातले एक अक्षर कळत नाही. त्याच्या घरीही असाच एक मुलगा असतो आणि रात्री जेवताना दोघांत याच मोबाइलवरून वाजलेले असते.

वडिलांना दिसतो तो फक्त गोळीबार. मुलाला मात्र त्या वेळी दिसत असतात आकडे: एका गोळीने किती इजा होते, दोन गोळ्यांमध्ये किती वेळ जातो, बंदूक किती उसळते, कोणता भाग लावला की काय वाढते आणि काय घटते. हा बराचसा गणिताचा आणि थोडासा भौतिकशास्त्राचा विषय आहे. तो समजून घेतला तर खेळात शिकण्यासारखे काय आहे, पैसे नेमके कुठे जातात आणि तब्येतीला धोका कुठे सुरू होतो, हे तिन्ही वेगवेगळे दिसू लागते.

खेळाची गोष्ट थोडक्यात

या प्रकारच्या खेळात साधारण शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. उतरताना हात रिकामे असतात. पडक्या घरांतून, गोदामांतून बंदुका, गोळ्या, औषधे, हेल्मेट, जॅकेट शोधायचे. खेळाचा परिसर हळूहळू आकसत जातो आणि शेवटपर्यंत जो किंवा जो संघ टिकतो तो जिंकतो. ‘पबजी’ हा खेळ २०१७ मध्ये आधी संगणकावर आला, २०१८ मध्ये मोबाइलवर आला आणि स्वस्त झालेल्या इंटरनेटबरोबर तो गावोगाव पोहोचला.

भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलसह ११८ अॅपवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने ‘बीजीएमआय’ या नावाने भारतासाठी वेगळी आवृत्ती आणली. जुलै २०२२ मध्ये तीही अॅपच्या दुकानांतून हटवली गेली आणि मे २०२३ मध्ये अटींसह परतली. अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तास आणि इतरांना ६ तास, ही त्यांतली एक अट. ‘फ्री फायर’ या दुसऱ्या लोकप्रिय खेळावर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली, पण त्याची ‘मॅक्स’ ही आवृत्ती चालू राहिली. बंदी आली, उठली, नावे बदलली. बंदुकीला सुटे भाग लावायची पद्धत मात्र तीच राहिली.

एक ट्रॅक्टर, अनेक अवजारे

सुटे भाग म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावणे सोपे आहे. ट्रॅक्टर एकच असतो. मागे नांगर लावला की तो नांगरतो, रोटाव्हेटर लावला की ढेकळे फोडतो, पेरणीयंत्र लावले की पेरतो. पण अवजार वाढले की डिझेलही वाढते आणि कमी ताकदीच्या ट्रॅक्टरला मोठे अवजार झेपत नाही. खेळातल्या बंदुकीचे तसेच आहे. तिला ठरावीक जागा असतात आणि प्रत्येक जागेवर एकच भाग बसतो. बीजीएमआयमधल्या एम-४१६ या बंदुकीला अशा पाच जागा आहेत: नळीचे तोंड, पुढची मूठ, गोळ्यांची मॅगझिन, वरची दुर्बीण आणि खांद्याला टेकणारा दस्ता. एकेएमला तीनच आहेत: तोंड, मॅगझिन आणि दुर्बीण. एकेएमची एक गोळी जास्त इजा करते, तरी अनेक मुले एम-४१६च मागतात. कारण पाच भाग चढवले की ती हातात स्थिर राहते.

नळीच्या तोंडावर बसणारा कॉम्पेन्सेटर बंदुकीचे उसळणे कमी करतो. यामागे न्यूटनचा तिसरा नियम आहे. गोळी पुढे जाते तेव्हा तितकाच जोर बंदुकीला मागे ढकलतो. फवारणीचा पंप जोरात सुरू केल्यावर हातातला पाइप मागे झटका देतो, तो हाच नियम. बंदुकीची नळी खांद्याच्या आधारबिंदूपेक्षा वर असल्यामुळे मागे येणारा जोर तिला वरही उचलतो. खऱ्या कॉम्पेन्सेटरमध्ये वरच्या बाजूला फटी असतात. स्फोटाचा वायू त्यांतून वर निसटतो आणि त्याची उलटी प्रतिक्रिया नळीला खाली दाबते. खेळात हे सगळे ‘रीकॉइल कमी’ अशा एका ओळीत उरकलेले असते.

त्याच जागेवर सप्रेसर लावला तर आवाज दबतो आणि कोण कुठून गोळ्या झाडतो हे समोरच्याला लवकर कळत नाही. पण मग कॉम्पेन्सेटर लावता येत नाही. लपून राहायचे की नेम स्थिर ठेवायचा, हे खेळाडूने ठरवायचे. खेळ आणि वास्तव यांत इथे मोठे अंतर आहे. खरा सप्रेसर बंदूक मुकी करत नाही. आवाज काही डेसिबलने उतरतो, तरीही तो कानाला इजा करण्याइतका असू शकतो. शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर हवेत तिचा स्वतःचा कडाका होतोच. सिनेमात आणि मोबाइलवर ऐकू येणारा ‘फुस्स’ आवाज ही सोयीची कल्पना आहे.

पुढच्या मुठीतही निवड आहे. उभी ग्रिप बंदुकीचे वर उसळणे आवरते, तिरकी ग्रिप डावी-उजवीकडे भरकटणे आवरते. मोठी मॅगझिन लावली की बहुतेक रायफलींमध्ये ३० ऐवजी ४० गोळ्या बसतात. दुर्बिणीवरचा आकडा म्हणजे वस्तू किती जवळ दिसते याचे माप. चार-एक्समधून ४०० मीटरवरचा माणूस १०० मीटरवर असल्यासारखा दिसतो. पण जितके मोठे करून पाहायचे तितका दिसणारा परिसर लहान होतो. सहा-एक्समधून दूरचे झाड स्पष्ट दिसते आणि बाजूने आलेला माणूस दिसतच नाही. सगळ्याच बाबतीत चांगला असा एकही भाग नसतो. काही मिळवायचे तर काही सोडावे लागते, हा या तक्त्यातला पहिला धडा.

सरासरी सारखी, निकाल वेगळा

आता आकडे. तक्त्यात ‘डॅमेज’ म्हणजे एका गोळीने समोरच्याचे किती आरोग्य घटते ते. खेळाडूचे पूर्ण आरोग्य १०० धरलेले असते. ‘रेट ऑफ फायर’ म्हणजे गोळ्या किती भराभर सुटतात ते. कंपन्या प्रत्येक सुधारित आवृत्तीत हे आकडे थोडेफार बदलतात, म्हणून इथे हिशेबासाठी दोन काल्पनिक बंदुका घेऊ.

पहिलीची एक गोळी ५० आरोग्य घटवते आणि दोन गोळ्यांमध्ये ०.१० सेकंद जातो. दुसरीची गोळी ४० घटवते, पण मधला वेळ फक्त ०.०८ सेकंद. पहिली सेकंदाला १० गोळ्या झाडते, म्हणजे ५०० इजा. दुसरी साडेबारा, म्हणजे तीही ५०० इजा. सरासरीवर पाहिले तर दोन्ही बंदुका अगदी सारख्या.

पण माणूस सरासरीने बाद होत नाही, पूर्ण गोळ्यांनी होतो. अडीच गोळ्या कुणालाच लागत नाहीत. समोरच्याच्या अंगात जॅकेट नसेल तर पहिल्या बंदुकीच्या दोन गोळ्या पुरतात. पहिली गोळी शून्याव्या क्षणी, दुसरी ०.१० सेकंदाला. दुसऱ्या बंदुकीला तीन गोळ्या लागतात, म्हणजे ०.१६ सेकंद. पहिली जिंकली.

आता जॅकेट घालू. पबजीच्या पद्धतीत पहिल्या दर्जाचे जॅकेट ३० टक्के, दुसऱ्याचे ४० टक्के आणि तिसऱ्याचे ५५ टक्के इजा अडवते. दुसऱ्या दर्जाच्या जॅकेटवर पहिल्या बंदुकीची गोळी ३० आणि दुसरीची २४ इजा करते. पहिलीला चार गोळ्या, ०.३० सेकंद. दुसरीला पाच गोळ्या, ०.३२ सेकंद. अंतर जवळजवळ मिटले. तिसऱ्या दर्जाच्या जॅकेटवर गोळ्यांची इजा साडेबावीस आणि अठरा. पहिलीला पाच गोळ्या लागतात, ०.४० सेकंद. दुसरीला सहा, तेही ०.४० सेकंद. बरोबरी!

म्हणजे ‘कोणती बंदूक चांगली’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. समोरच्याच्या अंगात काय आहे यावर ते ठरते. त्यातच एक गोळी चुकली तर पहिली बंदूक ०.१० सेकंद गमावते आणि दुसरी ०.०८. नेम कच्चा असणाऱ्याला भराभर चालणारी बंदूक थोडी जास्त सांभाळून घेते. आठवीत भागाकार करताना ‘बाकी उरली तर पुढचा पूर्णांक घ्या’ असे शिकलेले असते, तेच इथे कामी येते. सरासरी माणसाला कशी फसवते, हे या एका उदाहरणातून जितके पटकन कळते तितके पाठ्यपुस्तकातून क्वचितच कळते.

गोफण, गोळी आणि लोणार

हुरड्यात आलेली ज्वारी पाखरांपासून राखण्यासाठी माळ्यावर उभे राहून ज्याने गोफण फिरवली आहे, त्याला खेळातली आणखी एक गोष्ट सांगावी लागत नाही. दूरच्या ताटावर बसलेला थवा उडवायचा तर दगड त्याच्या थोडा वरून सोडावा लागतो. गोळीही तशीच वाटेत खाली पडते. एके जातीच्या खऱ्या रायफलीची गोळी नळीतून सेकंदाला साधारण ७०० मीटर वेगाने निघते. हवेचा अडथळा सोडून दिला तरी ३०० मीटर जायला तिला ०.४३ सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती सुमारे ९० सेंटिमीटर खाली येते. पबजीसारख्या खेळांत गोळीचे हे पडणे धरलेले असते, म्हणून मुरलेला खेळाडू लांबच्या माणसाच्या डोक्याच्याही वर नेम धरतो. गुरुत्वाकर्षणाचे सूत्र त्याला पाठ नसेल, पण अंगठ्याला ते कळलेले असते.

वेगाचा आणखी एक नियम असा की वेग दुप्पट झाला तर गतीची ऊर्जा दुप्पट न होता चौपट होते. म्हणूनच हलकी पण वेगवान गोळी जड गोळीच्या जवळपास जाते. या नियमाचा सर्वांत मोठा पुरावा बुलढाणा जिल्ह्यातच आहे. लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ज्या अशनीने ते पाडले तो विवराच्या मानाने फारच लहान होता. अवकाशातून येणारी अशी वस्तू वातावरणात शिरते तेव्हा तिचा वेग सेकंदाला किमान ११ किलोमीटर असतो. काम वेगाच्या वर्गाने केले. शाळेची सहल लोणारला जाते तेव्हा विवराच्या काठावर उभ्या असलेल्या मुलांना हा नियम मोबाइलच्या खेळातून सुरुवात करून सांगता येईल आणि तो लक्षात राहील.

तक्त्यात नसलेले आकडे

इथपर्यंत सगळे हिशेब शंभराव्या भागाच्या सेकंदात झाले. पहिल्या आणि दुसऱ्या बंदुकीत फरक होता जास्तीत जास्त ०.०६ सेकंदाचा. हा आकडा ध्यानात ठेवून आता बंदूक बाजूला ठेवू आणि खेळणाऱ्याकडे पाहू.

डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत निरोगी तरुणाला साधारण ०.२० ते ०.२५ सेकंद लागतो. डोळ्यांपासून मेंदूपर्यंत आणि मेंदूपासून हाताच्या स्नायूंपर्यंत निरोप पोहोचायला लागणारा हा वेळ. म्हणजे बंदुकींतल्या फरकाच्या तिप्पट-चौपट वेळ माणूस स्वतःच घेतो.

दुसरा आकडा ‘पिंग’. मोबाइलवरून निघालेला निरोप कंपनीच्या संगणकापर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. चांगल्या जोडणीवर तो ४० असेल आणि टॉवरची एकच दांडी दिसणाऱ्या खेड्यात १४० असेल, तर फरक १०० मिलिसेकंदांचा, म्हणजे ०.१० सेकंदाचा झाला. हा फरकही दोन बंदुकांमधल्या फरकापेक्षा मोठा आहे. घाटाखालच्या एखाद्या गावातला मुलगा पुण्यातल्या मुलाकडून हरतो तेव्हा ‘माझ्याकडे तशी गन नव्हती’ असे त्याला वाटते. अनेकदा कमी पडलेले असते नेटवर्क. ते बंदुकीचा नवा रंग विकत घेऊन सुधारत नाही.

तिसरा आकडा झोपेचा आणि आरोग्याच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातले संशोधक ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्वयंसेवकांना संगणकावर हात आणि डोळे यांच्या मेळाची परीक्षा द्यायची होती. एकदा ती जागरण करून घेतली आणि एकदा मद्य देऊन. सलग १७ तास जागे राहिल्यावर त्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावली. २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला पोहोचली. भारतात गाडी चालवताना रक्तातल्या मद्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे.

हा हिशेब घरी करून पाहावा. सकाळी सहाला उठून कॉलेजला किंवा शेतावर गेलेल्या मुलाचे रात्री अकराला १७ तास पूर्ण होतात. त्यानंतर ‘अजून एक मॅच’ म्हणत तो जे खेळतो, ते हात आणि डोळ्यांच्या दृष्टीने प्यालेल्या माणसाचे खेळणे असते. दिवसभर जमवलेला कॉम्पेन्सेटर, ग्रिप, तिसऱ्या दर्जाचे जॅकेट, सगळ्याचा फायदा तो स्वतःच्या मंदावलेल्या हातांनी गमावतो. हरतो, चिडतो आणि हरलेले भरून काढण्यासाठी आणखी खेळतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते, असे निद्राविकारतज्ज्ञ सांगतात. ही झोप हा खेळातला सर्वांत चांगला सुटा भाग आहे आणि तो फुकट मिळतो.

खेळाचा उपयोग काहीच नाही असेही नाही. शॉन ग्रीन आणि डॅफ्ने बॅव्हेलियर यांनी २००३ मध्ये दाखवले की अशा वेगवान खेळांच्या सरावाने एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवण्याची क्षमता सुधारते. त्या प्रयोगात न खेळणाऱ्यांना सराव दिला होता तो रोज एक तास, असे दहा दिवस. रात्रभराची गरज पडली नव्हती.

पेटीतला आकडा

एम-४१६ला लावायचा कॉम्पेन्सेटर बेटावर शोधून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. पैसे लागतात ते दुसऱ्या गोष्टीला: बंदुकीचा रंग, पोशाख, चमकदार नक्षी. बीजीएमआयमध्ये त्यासाठी ‘यूसी’ विकत घ्यावे लागतात, फ्री फायरमध्ये ‘डायमंड’. बीजीएमआयमधला रंग बंदुकीची इजा वाढवत नाही, तो फक्त दिसायला असतो. फ्री फायरमध्ये काही रंगांबरोबर एखादा गुण थोडा वाढतो आणि दुसरा घटतो. घरातल्या मुलाने पैसे मागितले की हा फरक विचारायला हवा: ‘‘यानं गन सुधरते का नुसती चमकते?’’

बऱ्याचदा हवी ती वस्तू थेट विकत मिळत नाही. पेटी विकत घ्यायची आणि आत काय निघते ते नशिबावर. समजा हवी ती नक्षी निघण्याची शक्यता दर पेटीमागे एक टक्का आहे. ‘शंभर पेट्या उघडल्या की एक मिळणारच’ असे मुलाला वाटते. प्रत्येक पेटीचा निकाल स्वतंत्र असेल तर शंभर पेट्यांनंतर ती मिळण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. म्हणजे शंभर पेट्या उघडणाऱ्या दर शंभर मुलांपैकी साधारण ३७ जणांच्या हाती काहीच लागत नाही. ९९ पेट्या रिकाम्या गेल्या म्हणून शंभरावीची शक्यता वाढत नाही. ती एक टक्काच राहते.

कधी मिळेल हे माहीत नसलेले बक्षीस माणसाला सर्वांत जास्त वेळ गुंतवून ठेवते, हे बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पारव्यांवर आणि उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते. कापसाच्या मुलखाला हे नवीन नाही. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावावर मुंबईत आकडे लावले जात, त्यातूनच पुढे मटका उभा राहिला. त्या आकड्यांनी किती घरे बसवली, हे वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना विचारावे. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा नशिबाच्या पेट्या जुगाराच्या कायद्यात बसवल्या. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. पेट्यांवर किती खर्च होतो हा हिशेब मात्र घरालाच ठेवावा लागतो. आईच्या मोबाइलवर यूपीआयचा पिन मुलाला पाठ असेल तर तो आजच बदललेला बरा.

छंद कुठे संपतो

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गवारीला मंजुरी दिली. १ जानेवारी २०२२ पासून ती लागू आहे आणि तिच्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. रोज खेळणारा प्रत्येक मुलगा त्यात बसत नाही. तीन गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात: खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणे, इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. त्यामुळे घर, शिक्षण किंवा काम यांचे ठळक नुकसान होत असावे आणि हे साधारण वर्षभर चाललेले असावे. किती तास, यापेक्षा ताबा कुणाचा, हा प्रश्न डॉक्टर आधी विचारतात.

बंदुकीचा खेळ खेळून मुलगा गुन्हेगार होईल, ही भीती अनेक घरांत असते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा स्पष्ट केली. अशा खेळांचा आरडाओरडा किंवा ढकलाढकलीसारख्या आक्रमकतेशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडायला पुरेसा पुरावा नाही. खरा धोका बहुधा लक्ष हरपण्यात असतो. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रेल्वे रुळांजवळ पबजी खेळण्यात गुंगलेले दोन तरुण गाडीखाली सापडून गेले. स्क्रीनवरच्या शत्रूच्या पावलांचा आवाज टिपण्यासाठी कानांत इअरफोन असतो. मागून येणारी गाडी त्या तक्त्यात नसते.

आजाराची लक्षणे दिसत असतील तर मोबाइल फोडून किंवा मारहाण करून उपयोग होत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट क्लिनिक’ चालते. तिथवर जाणे सगळ्यांना शक्य नसते. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते आणि मराठीतही बोलता येते.

जेवणाच्या ताटावर

बहुतेक घरांत गोष्ट आजारापर्यंत गेलेली नसते. तिथे भांडण असते आणि त्याचे कारण असे की दोघे दोन भाषांत बोलत असतात. वडील म्हणतात, ‘‘ठेव तो मोबाइल.’’ मुलगा म्हणतो, ‘‘एकच मिनिट, झोन येऊन राह्यला.’’ ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही, हे वडिलांना माहीत नसते. एक पूर्ण सामना साधारण अर्ध्या तासाचा असतो. ‘दहा वाजता बंद’ असे सांगण्यापेक्षा ‘साडेनऊनंतर नवा सामना सुरू करायचा नाही’ असा नियम पाळायला सोपा जातो आणि भांडणही कमी होते. मुलाला तो अन्याय वाटत नाही, कारण नियम त्याच्या खेळाच्या भाषेत असतो.

त्यासाठी एकदा वडिलांनी मुलाजवळ बसून विचारावे, ‘‘हे कॉम्पेन्सेटर म्हणजे काय रे?’’ मुलगा आधी चकित होईल, मग सांगत सुटेल. सांगून झाले की वहीत दोन बंदुकांचा हिशेब दोघांनी मिळून करावा: इजा, वेळ, जॅकेट. त्याखाली आणखी तीन ओळी लिहाव्यात: नेटवर्कचा पिंग, कालची झोप आणि या महिन्यात पेट्यांवर गेलेले रुपये. पहिल्या हिशेबात मुलगा गुरू असेल. दुसरा हिशेब तो स्वतःच वाचेल आणि ०.०६ सेकंदाच्या बंदुकीपुढे पाच तासांची झोप त्याच्याच अक्षरात लिहिलेली असेल.